शंभरातले अठरा : नापास नेमके कोण झाले?

निकाल लागले की कापूरबावडीपासून कोलशेत गावापर्यंत फ्लेक्स झळकू लागतात. 94 टक्के, 96 टक्के, 'परिसराची शान'. फ्लेक्सवर मुलीचा फोटो छोटा आणि शुभेच्छुक साहेबांचा मोठा असतो, ते सोडून द्या. कोलशेत रोडवर जिथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते, तिथे आज तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. त्या टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या, जिने पुसणाऱ्या आणि गेटवर रात्रपाळी करणाऱ्या आईबापांची मुले महापालिकेच्या शाळेत जातात. त्यांचा फ्लेक्स आम्ही अजून पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी आम्ही काही कार्यकर्ते या मुलांना घेऊन बसतो. मागच्या वर्षी आठवीतला एक मुलगा आला. प्रगतिपुस्तकात मराठीला 'ब-1' श्रेणी होती. खाली वर्णनात्मक नोंद होती : 'उतारा योग्य आरोह-अवरोहासह वाचतो.' आम्ही त्याच्यापुढे पाचवीचे पुस्तक ठेवले. तो जोडाक्षराला अडला, मग पुढच्याच ओळीत पुन्हा अडला, आणि मग पुस्तक मिटून खाली बघत राहिला.

त्याच दिवशी चहा घेताना आमच्यातलाच एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "पाचवी-आठवीला परत नापास करायला लागले ते बरेच झाले. या ढकलगाडीने आपलीच पोरं बरबाद केली." निम्म्या लोकांनी मान डोलावली. बाकीचे म्हणाले, हा शिक्षण हक्क कायदा मोडण्याचा डाव आहे. वाद वाढला आणि मिटला नाही. खरे सांगायचे तर आमच्याकडेही त्या दिवशी धड उत्तर नव्हते. हा लेख त्या वादातून आला आहे. उत्तर शोधायला आम्ही आपल्याच इतिहासात गेलो, कारण मुलाची प्रगती कशी मोजायची हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. फुल्यांनी तो हंटर आयोगापुढे मांडला, बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात मांडला. आणि दोघांनीही तो आजच्या शिक्षण खात्यापेक्षा वेगळ्या टोकाकडून मांडला.

सुरुवात एका आकड्यापासून करू. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिकला बसलेल्या भीमराव रामजी आंबेडकरांना 750 पैकी 282 गुण मिळाले. म्हणजे 37.6 टक्के. आपल्यातले काही लोक हा आकडा जयंतीच्या भाषणात टाळतात. जणू त्याने बाबासाहेब लहान होतात! आम्ही म्हणतो, तो मोठ्याने सांगा. तेव्हाच्या मॅट्रिकला नापास होणे नित्याचेच होते, आजच्यासारखी गुणांची खैरात नव्हती, हे खरे. पण मुद्दा तेवढाच नाही. हे गुण कशाचे होते? परळच्या चाळीतल्या एका खोलीत, बापाने पहाटे दोनला उठवल्यावर, दिव्याच्या उजेडात केलेल्या अभ्यासाचे होते. संस्कृत शिकायची इच्छा असताना अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली, त्या मुलाचे होते. गुणपत्रिकेत यातले काहीही लिहायची सोय नव्हती, आजही नाही. परीक्षेने भीमरावाची बुद्धी मोजली नाही, त्या परिस्थितीत त्या वर्षी त्याने काय उतरवून दाखवले तेवढेच मोजले.

समाजाने मात्र त्या आकड्याचे मूल्यमापन वेगळे केले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्या मुलाचा सत्कार झाला. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांकडून महिना 25 रुपये मिळाले, म्हणून कॉलेज पूर्ण झाले. 37.6 टक्केवाल्याला कुणी 'तुझी कुवत इतकीच' असे सांगितले नाही. ज्यांनी सांगितले असते, त्यांच्या हातात सुदैवाने तो निर्णय नव्हता.

आता थोडे मागे जाऊ. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून आपण ते लक्षात ठेवतो, आणि रयतेच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात हा त्यांचा सवालही आपल्याला पाठ असतो. पण त्या निवेदनात शाळा तपासणीबद्दल जे आहे, त्याकडे फारसे कुणी बघत नाही. जोतीरावांचे म्हणणे असे : डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा काही उपयोग नाही. किमान दर तीन महिन्यांनी शाळा तपासली पाहिजे. शिवाय आधी कळवून नव्हे, न कळवता अचानक गेले पाहिजे.

न कळवता! ज्यांनी शाळा चालवल्या त्यालाच हे सुचते. साहेब येणार म्हटल्यावर शाळेत काय काय होते हे जोतीरावांना माहीत होते. आजही होते. भिंती रंगतात, हुशार मुले पहिल्या बाकावर येतात आणि कच्च्या मुलांना 'उद्या नाही आलास तरी चालेल' असे सांगितले जाते. मुंबई इलाख्यात त्या काळी खासगी शाळांचे सरकारी अनुदान निकालावर ठरत असे. जितकी मुले पास, तितका पैसा. अशा व्यवस्थेत कच्चे मूल शाळेला ओझे वाटणार हे उघड आहे. जोतीराव मास्तरांच्या विरोधात नव्हते. त्यांचा पगार बारा रुपयांच्या खाली नको असे ते म्हणतात, आणि जास्त मुले पास करणाऱ्या खेड्यातल्या मास्तराला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा असेही म्हणतात. या शेवटच्या सूचनेशी आम्ही पूर्ण सहमत नाही. निकालावर भत्ता बांधला की निकाल बनवला जातो, हे पुढच्या दीडशे वर्षांनी दाखवले आहे. पण त्यांच्या विचाराची दिशा बघा. त्यांची तपासणी शाळेची आहे, मास्तराची आहे, खात्याची आहे. मुलाला घरी पाठवण्यासाठी ती नाही.

स्वतःच्या शाळा तर त्यांनी चारचौघांत तपासायला दिल्या होत्या. 1852 आणि 1853 मध्ये पुण्यात त्यांच्या शाळांच्या जाहीर परीक्षा झाल्या. मुली बाहेरच्या परीक्षकांसमोर उत्तरे देत आणि बघायला गर्दी जमे. 'मुलींना शिकवून काय उपयोग' म्हणणाऱ्या पुण्याला ते उत्तर होते. परीक्षा त्या मुलींची नव्हतीच, शिकवण्याची होती. आणि तिचा खरा निकाल 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्याच शाळेत तीनेक वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. धर्माला, पेशवाईला, भुकेला थेट प्रश्न विचारले. वय चौदाच्या आसपास. कोणत्या श्रेणीत बसवाल तो निबंध? अ-1 मध्ये?

जोतीरावांनंतर 45 वर्षांनी तोच प्रश्न कौन्सिलात आला. तारीख 12 मार्च 1927. महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर आला होता. चवदार तळ्याकडे निघायच्या आधी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षण खात्याच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी सभागृहापुढे एक साधा हिशेब ठेवला : प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात, त्यांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी मुले पुन्हा निरक्षरांत जमा होतात.

हे मूल्यमापन आहे. पण कुणाचे? ब्याऐंशी मुलांना ते ढ म्हणत नाहीत. त्यांचे आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, अशी आजच्या अधिकाऱ्यांची आवडती वाक्येही त्यांच्या तोंडी नाहीत. ते सरकारला विचारतात की पैसा कुठे आहे. शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च होतात आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल होतात. निदान दारूतून जितके घेता तितके तरी शिक्षणावर घाला, असा त्यांचा आग्रह होता. प्राथमिक शिक्षणाचा हेतूही त्यांनी तिथेच सांगितला. शाळेची पायरी चढलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, आणि ती साक्षरता जन्मभर टिकली पाहिजे.

ही कसोटी नीट समजून घ्या, कारण आमचा सगळा मुद्दा इथे आहे. मूल वरच्या वर्गात गेले की नाही, ही ती कसोटी नाही. गुण किती पडले हीही नाही. मुलाला वाचता येते का, आणि शाळा सुटल्यावरही येत राहील का, एवढीच ती आहे. नाही येत? मग शाळा नापास. दोन वर्षांनी, 1929 मध्ये, हारटॉग समितीने हाच शंभरातल्या अठरांचा हिशेब मांडला, आणि तेव्हापासून बी.एड.च्या पुस्तकांत गळतीचा धडा हारटॉगच्या नावाने सुरू होतो. बाबासाहेबांचे भाषण त्या धड्यात नसते.

1927 च्याच ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर चर्चा झाली. तिथे बाबासाहेबांनी आणखी पुढचे सांगितले. परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणाले. शिक्षणाचा दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कडक केल्या जात आहेत की ज्या मागास समाजांना विद्यापीठाच्या दारात यायची संधीच मिळालेली नाही, ते कायमचे दाराबाहेर राहतील. मागासवर्गीयांचे प्रतिनिधी सिनेटमध्ये का हवेत याचे हे त्यांचे कारण होते. परीक्षेचे नियम ठरवणाऱ्या टेबलावर आपण नसलो, तर 'दर्जा' या शब्दाचा अर्थ दुसरेच ठरवणार.

पण बाबासाहेब परीक्षाच नको म्हणत होते, असा याचा अर्थ काढू नका. ज्यांनी लंडनला डी.एस्सी.साठी आपला प्रबंध परत लिहून दिला, त्यांना ढिसाळपणाचे प्रेम नव्हते. 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळी वर्ग भरवले. परीक्षा विद्यापीठाचीच ठेवली, मुलाला तिथवर पोचता येईल अशी वेळ बदलली. दोन्हींत फरक आहे.

हे ध्यानात ठेवून आजच्या वादाकडे येऊ. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला मनाई केली. त्याच कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही सांगितले. म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदम पकडायचे नाही, रोज बघायचे, जिथे मूल अडते तिथे तेव्हाच मदत करायची. कागदावर ही 1927 च्या कसोटीच्या जवळची गोष्ट आहे. मग झाले काय? सरकारने नापास न करणे तेवढे उचलले, कारण त्याला पैसा लागत नाही. मदत करायला शिक्षक लागतात, ते दिले नाहीत. असलेल्या शिक्षकांना मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे. मग वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवल्या जाणारच. 'आरोह-अवरोहासह वाचतो' ही नोंद आमच्या त्या मुलाबद्दल कुणी लिहिली नव्हती, ती यादीतल्या क्रमांकाप्रमाणे त्याच्या वाट्याला आली होती. आमचा जुना कार्यकर्ता जिला ढकलगाडी म्हणतो ती हीच, आणि त्याचा राग खरा आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला 'ब-1' देणे हा त्या मुलावरचा अन्याय आहे. तो दयेच्या वेषात आल्याने कमी होत नाही.

पण औषध काय काढले? 2019 मध्ये संसदेने कायदा बदलला. 2023 मध्ये आपल्या राज्याने नियम बदलले आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर पुनर्परीक्षा, तिथेही नापास तर त्याच वर्गात. आठ वर्षे शाळेने शिकवले नाही, त्याची शिक्षा तेरा वर्षांच्या मुलाला. शाळेला, खात्याला, मंत्र्याला कसली पुनर्परीक्षा? नापास झालेला टॉवरमधला मुलगा शिकवणी लावतो. नापास झालेला आपला मुलगा मामाबरोबर रंगकामाला जातो, आणि मुलीचे काय होते ते सांगायला नको. पुन्हा त्याच वर्गात बसवल्याने वाचता येत असते, तर 1927 ची ब्याऐंशी मुले निरक्षर झाली नसती. तेव्हा तर नापास करायला पूर्ण मोकळीक होती.

निकालाच्या टक्क्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा? दहावीचा राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण काढले आणि तो 77.10 वर आला. ते गुण परत दिल्यावर 2020 मध्ये 95.30. आणि 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा 99.95! चार वर्षांत महाराष्ट्रातली मुले इतकी हुशार, मग ढ, मग परत हुशार झाली का? धोरण बदलले, आकडा बदलला.

इथे आपल्यातल्याच एका सोप्या समजुतीला धक्का द्यावा लागेल. अंतर्गत गुण म्हणजे गरीब मुलाला मदत, असे आपण धरून चालतो. नेहमीच तसे नसते. बोर्डाच्या पेपरवर बैठक क्रमांक असतो. अंतर्गत गुण देणाऱ्याला मात्र आडनाव माहीत असते. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करणाऱ्या समितीचे प्रमुख होते सुखदेव थोरात, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. 2007 च्या त्या अहवालात अनुसूचित जाती-जमातीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत अन्याय होतो असे सांगितले. म्हणजे परीक्षक समोर बसतो तिथे. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातच एक प्रयोग केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मनाला येईल तशी जात लिहून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. खालच्या ठरवलेल्या जातीचे नाव असलेल्या पेपरला गुण थोडे कमी पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि गिळायला जड गोष्ट ही की तो फरक मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. 2012 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनुवाद फक्त दुसऱ्याच्या डोक्यात असतो, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फरक पडला नाही. सगळ्यांसमोर नाव, गाव, बापाचे नाव आणि जात पुकारली, आणि दलित मुलांनी सोडवलेली कोडी कमी झाली. तीच मुले, तीच कोडी. आता 2024 चा राज्य अभ्यासक्रम आराखडा आठवा. गणित-विज्ञानात वीस ते पस्तीसच्या मध्ये गुण मिळालेल्याला अकरावीला जाता येईल, पण प्रमाणपत्रावर शेरा येईल की हा पुढे गणित-विज्ञानाला अपात्र. वरवर सवलत. पण शेरा कुणाच्या प्रमाणपत्रांवर जास्त पडणार आणि पंधराव्या वर्षी त्या शेऱ्याचे ओझे घेऊन मूल कुठल्या दरवाजापर्यंत जाणार, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेरे वाचले गेले त्यांना विचारा.

तर त्या रविवारच्या वादाला आमचे उत्तर असे. नापास करा म्हणणारा कार्यकर्ता मुलाच्या बाजूने बोलतो आहे, पण बोट चुकीच्या माणसाकडे दाखवतो आहे. नापास करू नका म्हणणारे कायद्याच्या बाजूने बोलतात, पण खोट्या 'ब-1' बद्दल गप्प बसतात. आपण दोन्ही सोडून 1927 ची कसोटी धरली पाहिजे. मोजा, जरूर मोजा, दर तीन महिन्यांनी मोजा, जोतीरावांनी सांगितले तसे न कळवता मोजा. पण येणारा आकडा शाळेच्या दारावर लावा, मुलाच्या कपाळावर नको.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि त्यात दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या वस्तीतल्या किती आईबापांना आपण त्या समितीत आहोत हे माहीत आहे? आम्ही कोलशेत, ढोकाळी, बाळकूम भागात विचारत फिरलो. एका ताईंना त्यांचे नाव समितीत आहे हे आमच्याकडून कळले. सही त्यांचीच होती, कागद कसला ते कुणी सांगितले नव्हते. आता त्या दर बैठकीला जातात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा काय बोलायचे म्हणून घाबरल्या होत्या. आम्ही त्यांना एकच प्रश्न लिहून दिला : आठ वर्षांपूर्वी पहिलीत किती मुले होती, आज त्यांतली आठवीत किती आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांना पाचवीचे पुस्तक वाचता येते?

पहिल्या बैठकीत उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या बैठकीत पहिल्या दोन आकड्यांसाठी जुने हजेरीपट काढायला लागले. तिसऱ्या आकड्यासाठी आम्ही शाळेला सांगितले आहे की मुले आणि पुस्तक समोर ठेवा, वाचून घ्यायला आम्ही येतो. तो आठवीतला मुलगा आता नववीत आहे. रविवारी येतो. गेल्या महिन्यात त्याने मुक्ता साळवेचा निबंध वाचायला घेतला. जुनी भाषा आहे, जोडाक्षरांना अजून अडतो. पुस्तक मात्र मिटत नाही.

जय भीम.